हलक्या अलॉयच्या नावाखाली 57,400 रुपये गेले. नागपूरकरांनो, रिम आधी काट्यावर ठेवा

चार रिमचे 34,000, चार टायरचे 27,600, फिटिंग-बॅलन्सिंग-अलाइनमेंटचे 1,800. जुन्या चाकांचे 6,000 वजा. खिशातून गेले 57,400, आणि बदल्यात मिळाली आधीपेक्षा सुस्त, जड आणि ऐंशीच्या पुढे थरथरणारी गाडी. दुकानाचं नाव इथे देत नाही, प्रकरण ग्राहक आयोगापुढे न्यायचं आहे. पण पद्धत सगळी सांगतो, कारण ती उद्या आणखी कुणावर तरी वापरली जाणार.

आमिष ठरलेलं. ‘फ्लो फॉर्म्ड आहे भाऊ, साडेसहा किलोचं रिम. पिकअप वाढते, ॲव्हरेज वाढते. अख्खं नागपूर हेच टाकून राहिलं.’ हलक्या चाकाने गाडी चपळ होते हे खरंच आहे, म्हणूनच हे आमिष चालतं. फ्लो फॉर्मिंगमध्ये ओतलेल्या रिमचा बाहेरचा घेर गरम करून रोलरने दाबून ताणतात. भिंत पातळ होते आणि मजबूतही. पण रंग चढला की असं रिम आणि साधं ओतीव रिम शेजारी ठेवून डोळ्यांनी ओळखता येत नाही. वजनच खरं सांगतं. काट्यावर रिम भरलं 9.8 किलो!

आणि राजेहो, नुसत्या रिमचं वजन विचारून भागत नाही, टायरचंही विचारा. कंपनीचं 165/80 आर14 चाक (टायरची रुंदी 165 मिमी, उंची रुंदीच्या 80 टक्के, रिम 14 इंची), पत्र्याच्या रिमसकट, 13.6 किलो होतं. नवीन 205/60 आर16 टायर एकटाच 9.7 किलो. म्हणजे रिम खरंच साडेसहा किलोचं असतं तरी चाक 16.2 किलोचं झालं असतं. आता ते 19.5 आहे. चार चाकांत 23.6 किलो जादा, आणि तेही फिरणारं वजन. डिक्कीत ठेवलेलं वजन गाडीला फक्त पुढे न्यावं लागतं. चाकाच्या घेरावरचं वजन पुढेही न्यावं लागतं आणि फिरवावंही लागतं, म्हणून वेग घेताना ते जवळजवळ दुप्पट भारी पडतं. ब्रेक मारताना तेच उलट.

त्यात व्यास. मूळ टायरचा व्यास 619.6 मिमी, नव्याचा 652.4. वाढ 5.3 टक्के. इंजिनचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, तोच, त्रिज्या मोठी, म्हणून प्रत्येक गिअरमध्ये रस्त्यावर पडणारा जोर 5 टक्के कमी. उड्डाणपुलाच्या चढावर जिथे तिसरा पुरायचा तिथे दुसरा टाकावा लागतो. मीटर 100 दाखवतं तेव्हा गाडी आधीच्या हिशोबाने 105 वर असते. समृद्धीवर 120 ची मर्यादा आहे, तिथे हा फरक चलानाचाही आहे. ॲव्हरेज पडलेलं दिसतं त्यातला काही भाग असा की किलोमीटरच कमी मोजले जातात; बाकीचा भाग खराच. सोळा इंचीच हवं असेल तर 195/55 आर16 बघा, व्यास 620.9. पंधरात 185/65, 621.5. तीन टक्क्यांच्या वर फरक जाऊ देऊ नका.

हँडलिंगचं तर विचारूच नका. चाकाचं वजन स्प्रिंगच्या खाली असतं. शॉकॲब्सॉर्बर हलक्या चाकाच्या हिशोबाने बनलेले. आपल्या सिमेंट रस्त्यांच्या सांध्यांवर जड चाक उसळलं की त्याला लवकर खाली दाबता येत नाही, आणि तेवढा वेळ टायरची पकड सैल.

थरथरीचं कारण वेगळंच निघालं. रिमचं मधलं भोक 73.1 मिमी, गाडीचा हब, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो मधला गोल भाग, 54.1. मधली फट भरणारी हब रिंग हवी, ती टाकलीच नाही. बॅलन्सिंग मशीनवर चाक शंकूवर बसतं, त्यामुळे तिथे शून्य दाखवतं. गाडीवर नटांच्या भरवशावर किंचित बाजूला बसतं. बॅलन्सिंगचे पैसे पुन्हा पुन्हा देऊ नका, आधी रिंग तपासा. नटही अलॉयच्या सीटला, म्हणजे नट टेकतो त्या खाचेला, जुळणारेच लावा, आणि पन्नास-शंभर किलोमीटरनंतर टॉर्क रेंचने, म्हणजे ठरलेल्या जोराने आवळणाऱ्या पान्याने, परत तपासा.

जिथे हे पकडायला हवं होतं ती जागा डोळ्यांपुढून जात नाही. वजनाचा विषय निघाला तेव्हा दुकानदाराने शोरूममधलं रिम एका हाताने उचलून दाखवलं. ते पंधरा इंची होतं! गाडीला लागले ते मागून आलेल्या खोक्यांतले, आणि खोक्यावर वजनाचं लेबल असतं तिथला कागद खरवडलेला. पण त्या क्षणी गाडी लिफ्टवर, जुने टायर उतरवलेले, एअर गनचा आवाज. तिथून उठून जाणार कोण? खरेदीला काटा घेऊन जातं कोण? फसवणाऱ्याने वेळ साधून केलेलं काम आहे हे, गिऱ्हाइकाच्या माथी मारू नका. टायरवरचा आकडाही नंतर दिसला: 1820, म्हणजे 2020 चा अठरावा आठवडा. काळं पॉलिश मारून नवे म्हणून विकले.

दुकानदाराचं उत्तर: ‘बिलावर वजन कुठं लिहिलं आहे?’ बिलावर फक्त ‘अलॉय सेट 1 नग’. पोलिस ठाण्यात सांगितलं, हे दिवाणी आहे. अहो, खोटं सांगून पैसे घेणं भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 मध्ये फसवणूकच आहे! अर्ज ठेवून घ्या म्हटलं तर शिक्का देईनात. दुसऱ्या कार्यालयात विचारणा उलटी: मोठी चाकं परवानगीने लावली का? विकणाऱ्याला कुणी विचारत नाही की रिमवरचा आयएसआय शिक्का खरा आहे का. जेडब्ल्यूएल या जपानी रिम-मानकाचा शिक्का तर बनवणारा स्वतःच ओततो. विमावाल्यांनी तोंडी सांगितलं की कळवलं नसेल तर क्लेमला अडचण येऊ शकते. सगळा कायदा गिऱ्हाइकापुरता!

बिलावर साइज, पीसीडी (नटांच्या भोकांच्या वर्तुळाचा व्यास), ऑफसेट (रिमच्या मध्यरेषेपासून हबला टेकणाऱ्या बाजूचं अंतर), एका रिमचं वजन आणि टायरचा आठवडा-वर्ष लिहून घ्या. नाही म्हणाला तर गाडी लिफ्टवर चढवूच नका. जुनी चाकं लगेच देऊन टाकू नका. फसलाच असाल तर रिम काट्यावर ठेवून आकड्यासह फोटो काढा आणि 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून क्रमांक घ्या. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, मुदत दोन वर्षं, आणि ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल करता येतं.