नायसिन की स्टॅटिन: कोलेस्टेरॉलची गोळी ठरवताना

वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी माझे एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, १७२ आले आणि डॉक्टरांनी अटोरव्हास्टॅटिन ४० मिलिग्रॅम हे स्टॅटिन गटातले कोलेस्टेरॉल उतरवणारे औषध सुरू केले. दोन महिन्यांत मांड्या इतक्या दुखू लागल्या की ठाणे स्थानकाच्या पुलावर मधल्या टप्प्यावर थांबावे लागे. ‘दुसरे काही आहे का’ असे विचारल्यावर नायसिनचा विषय निघाला. त्यानंतरच्या दीड वर्षात मी साधे नायसिन, सावकाश विरघळणारे नायसिन आणि शेवटी वेगळे, कमी मात्रेचे स्टॅटिन अशी तिन्ही औषधे डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेतली. याच वळणावर जे उभे आहेत, त्यांच्यासाठी हा अनुभव मांडतो आहे. प्रत्येकाची प्रकृती वेगळी, हे लक्षात ठेवूनच तो वाचावा.

आधी नावाचा घोळ दूर केलेला बरा. व्हिटॅमिन बी-३ म्हणून निकोटिनिक अ‍ॅसिड आणि निकोटिनामाइड हे दोन्ही पदार्थ चालतात, परंतु कोलेस्टेरॉलवर परिणाम फक्त पहिल्याचा होतो. या लेखात कोलेस्टेरॉलसाठीचे नायसिन म्हणजे हेच निकोटिनिक अ‍ॅसिड. ‘नो फ्लश’ म्हणून विकले जाणारे इनॉसिटॉल हेक्झानिकोटिनेट रक्तात निकोटिनिक अ‍ॅसिड फारच थोडे सोडते. त्यामुळे अंग लाल होत नाही हे खरे, पण कोलेस्टेरॉलही फारसे हलत नाही.

केवळ कमतरता भरून काढायची असेल, तर निवड सोपी आहे. माझ्या मावशीचे सारे आयुष्य सोलापूरकडे ज्वारीच्या भाकरीवर गेले. क्षयाच्या उपचारात आयसोनियाझिड सुरू असताना तिच्या हातांवरची आणि गळ्याभोवतीची कातडी काळवंडून खरखरीत झाली. डॉक्टरांनी पेलाग्रा, म्हणजे बी-३ च्या कमतरतेचा आजार, ओळखून निकोटिनामाइड दिले, जोडीला बी-६ दिले, आणि काही आठवड्यांत कातडी निवळली. ज्वारीतील ल्युसिन या प्रथिन-घटकाचा पेलाग्राशी संबंध हैदराबादच्या सी. गोपालन आणि एस. जी. श्रीकांतिया यांनी १९६० साली मांडला होता. त्यावर पुढे बरीच चर्चा झाली. निरोगी माणसाची रोजची गरज साधारण १४ ते १६ मिलिग्रॅम असते आणि शेंगदाणे, बांगडा, कोंबडी अशा खाण्यातून ती सहज भागते. कोलेस्टेरॉलसाठी मात्र दिवसाला एक ते दोन ग्रॅम, म्हणजे गरजेच्या शंभरपट आसपास नायसिन पोटात जाते. एवढ्या मात्रेत ते जीवनसत्त्व राहत नाही, औषध होते, आणि ते औषधासारखेच, तपासण्या करत घ्यावे लागते.

साधे नायसिन मी जेवणानंतर १०० मिलिग्रॅमपासून सुरू केले आणि हळूहळू दिवसातून तीनदा ५०० पर्यंत नेले. गोळी घेतल्यावर पंधरा-वीस मिनिटांत कान तापतात, मग चेहरा, मान आणि खांदे लालबुंद होतात, उन्हात भाजल्यासारखी चुणचुण होते आणि खाज सुटते. त्वचेतील पेशी प्रोस्टाग्लँडिन डी-२ नावाचे रसायन सोडतात आणि रक्तवाहिन्या रुंदावतात, म्हणून हे घडते. तासाभरात ते ओसरते आणि रोज नेमाने गोळी घेतली, तर एक-दोन आठवड्यांत बरेच सौम्य होते. भरल्या पोटी घेणे आणि आसपास गरम चहा किंवा मद्य टाळणे याने फरक पडतो. सुरुवातीचे काही दिवस डॉक्टरांनी गोळीच्या अर्धा तास आधी अ‍ॅस्पिरिन दिली होती. पोटाचा किंवा रक्तस्रावाचा त्रास असणाऱ्यांनी ती मनाने घेऊ नये.

इथपर्यंत सारे सोसण्यासारखे होते. माझे मन फिरले ते एका गोष्टीने: खंड पडला की पहिले पाढे पंचावन्न. अंगाला झालेली सवय तीन-चार दिवसांत मोडते. गणपतीला गावी गेलो तेव्हा गोळ्या नौपाड्यातल्या घरीच राहिल्या. पाचव्या दिवशी परतल्यावर सकाळी नाश्ता, त्यावर गरम चहा आणि नेहमीची ५०० ची गोळी घेऊन वाशीची गाडी पकडली. ऐरोली येईपर्यंत मानेपासून छातीपर्यंत आग पसरली, दांडी धरलेला हात लाल दिसू लागला आणि डोळ्यांसमोर अंधारी आली. समोरचे गृहस्थ उठून म्हणाले, “अहो, तुम्ही आधी बसा. घरी कोणाला फोन करू का?” घणसोलीला उतरून मी पाऊण तास बाकावर बसून राहिलो. नायसिनने रक्तदाबही उतरतो आणि मी रक्तदाबाची गोळी घेत होतो, हे डॉक्टरांनी नंतर समजावले. खंड पडल्यास पुन्हा कमी मात्रेपासून चढायचे, हा नियम आधी माहीत असता तर ती सकाळ टळली असती. तरीही प्रवास, आजारपण, लग्नकार्य अशा प्रत्येक खंडानंतर पुन्हा आठवडा-दोन आठवडे अंग भाजून घ्यायचे, हे वर्षानुवर्षे निभावेल असे मला वाटेना.

म्हणून सावकाश विरघळणाऱ्या गोळीकडे वळलो. ती रात्री घेतली की आग जवळजवळ नाही, आणि तेच तिच्यातले फसवे सुख आहे. सावकाश सुटणारे निकोटिनिक अ‍ॅसिड यकृतावर अधिक ताण टाकू शकते. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अमेरिकी अभ्यासात अशी गोळी घेणाऱ्या २३ पैकी १२ जणांना यकृताचा त्रास झाला, तर साधी गोळी घेणाऱ्यांत एकालाही झाला नाही. अशा गोळ्यांचे प्रकारही अनेक आहेत आणि सगळे सारखे नाहीत. रात्री एकदाच घ्यायचा, डॉक्टर लिहून देतात तो प्रकार तुलनेने बरा मानला जातो. तरीही तिसऱ्या महिन्यात माझे एसजीपीटी, म्हणजे यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारे एन्झाइम, ३२ वरून १४० वर गेले. मला तोवर काहीही जाणवले नव्हते. भूक नीट होती, थकवा नव्हता. गोळी बंद केल्यावर सहा आठवड्यांत आकडा खाली आला. तपासणीची तारीख पुढे ढकलली असती तर काय झाले असते, याचा विचार आजही अस्वस्थ करतो.

नायसिनची बाजूही सांगायला हवी. साध्या गोळीने माझे एचडीएल, म्हणजे ‘चांगले’ कोलेस्टेरॉल, ३८ वरून ४७ झाले आणि ट्रायग्लिसराइड ही रक्तातली चरबी २१० वरून १४० वर उतरली. एलडीएल मात्र १४८ पर्यंतच आले आणि तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारे एचबीएवनसी ५.७ वरून ६.० झाले. आता रोसुव्हास्टॅटिन ५ मिलिग्रॅमवर एलडीएल १०४ आहे आणि मांड्या दुखत नाहीत. स्टॅटिननेही काहींची साखर थोडी वाढते, म्हणून ती तपासणी मी सोडलेली नाही. शिवाय कागदावरचे आकडे सुधारणे आणि हृदयविकाराचा झटका टळणे या वेगळ्या गोष्टी आहेत. स्टॅटिनला नायसिनची जोड देऊन पाहणारी एम-हाय ही चाचणी जादा फायदा दिसेना म्हणून २०११ मध्ये मुदतीपूर्वी थांबवली गेली. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एचपीएस-२ थ्राइव्ह या पंचवीस हजारांहून अधिक रुग्णांच्या चाचणीत स्टॅटिनच्या जोडीला नायसिन आणि आग कमी करणारे लॅरोपिप्रँट देऊन झटके कमी झाले नाहीत. उलट मधुमेह, जंतुसंसर्ग आणि रक्तस्राव वाढले. एका स्टॅटिनने अंग दुखले म्हणून लगेच नायसिनकडे धावण्याऐवजी दुसरे स्टॅटिन किंवा कमी मात्रा आधी विचारून पाहावी, असे मला आता वाटते. मी ते उलट्या क्रमाने केले आणि दीड वर्ष घालवले.

तरीही तुमच्या डॉक्टरांनी विचारपूर्वक नायसिनच सुचवले असेल, तर मी सावकाश गोळीपेक्षा साधी पसंत करीन, कारण तिचा त्रास निदान दिसतो. मधुमेह, गाउट (युरिक अ‍ॅसिड वाढून सांधे सुजणे), पोटातील अल्सर किंवा यकृताचा जुना आजार असल्यास ते पहिल्याच भेटीत सांगावे. सुरू करण्यापूर्वी आणि नंतर ठरल्या तारखांना एसजीपीटी, साखर व युरिक अ‍ॅसिड तपासावे. लघवी गडद झाली, डोळे पिवळसर दिसले किंवा मळमळ थांबेना, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. औषधाच्या दुकानात नुसते ‘नायसिन ५००’ मागू नये. साधी की एसआर (सावकाश विरघळणारी), हे पाकिटावर वाचून, आधीची पट्टी शेजारी धरून घ्यावे. साध्या गोळीच्या जागी तेवढ्याच मिलिग्रॅमची सावकाश गोळी डॉक्टरांना न विचारता घेऊ नये.