भाड्याचा ‘डोब्ले आ’ बांदोनिऑन: वर्ष होत आलं, आता सविस्तर

भाडेकरार वाढवायचा निरोप आला आहे, म्हणून हे लिहायला बसले. वाद्य म्हणजे बांदोनिऑन, टँगोत वाजणारं, दोन्ही हातांत धरायचं भात्याचं वाद्य. माझं आल्फ्रेड आर्नोल्डचं, दुसऱ्या महायुद्धाच्या आधी जर्मनीत कार्ल्सफेल्डला बनलेलं, इथे अर्जेंटिनात, बुएनोस आयरेसमध्ये सगळे ज्याला ‘डोब्ले आ’ (दुहेरी ‘A’, बनवणाऱ्याच्या नावाची अद्याक्षरं) म्हणतात ते. ७१ बटणं, भाता उघडताना एक सूर आणि मिटताना दुसरा, हे तुम्हाला ठाऊक असणारच, त्यात वेळ घालवत नाही. मी नोकरीमुळे या शहरात आले. मूळची मिरजेची. बाबा भजनी मंडळात पेटी वाजवतात, त्यामुळे भात्याच्या वाद्याची सवय लहानपणापासूनची. टँगो, म्हणजे इथला जोडीचा नाच आणि त्याचं संगीत, मात्र इथे आल्यावरचा.

सुराबद्दल माझी काडीची तक्रार नाही. जस्ताच्या लांब पट्ट्यांवर पोलादी रीड (हवेने थरथरून सूर देणाऱ्या पात्या) ठोकलेल्या, प्रत्येक सुराला सप्तकाच्या अंतराने दोन. पेटीत खरज (खालच्या) आणि नर (मधल्या) रीड दोन्ही खुल्या केल्या की जो भरीवपणा येतो, त्याच घराण्यातला हा आवाज, फक्त कडा जास्त धारदार. डाव्या हाताचे खालचे सूर भाता जेमतेम ओढला तरी खोलीभर घुमतात. जोर वाढवला की आवाज कुजबुजीपासून आरोळीपर्यंत जातो, आणि गुडघ्याचा हलका धक्का दिला की सूर ठेक्यावर तुटून पडतो. इतक्या जुन्या वस्तूकडून एवढं मिळतंय, तर सुराला दहापैकी दहा.

आता हवेचा खटका. उजव्या अंगठ्यापाशी असतो तो. दाबला की झडप उघडते आणि सूर न वाजता हवा आत-बाहेर होते. टँगो वाजवणारे बहुतेक जण ओळ उघडताना वाजवतात आणि ती संपली की खटका दाबून भाता झटकन मिटून घेतात. म्हणजे ७१ बटणांपैकी एखादं महिनाभर वापरात येणार नाही, पण हा खटका एका गाण्यात सतत लागतो. माझ्या वाद्यात त्या झडपेवरचं चामडं वाळून कडक झालं होतं. खटका सोडला तरी झडप पुरती बसायची नाही. संथ जागेवर फुसफुस ऐकू यायची, आणि लांब ओळीच्या शेवटी भात्यात हवाच उरायची नाही. ओळ पूर्ण करायला मी भाता जास्त ओढायचे, आणि खांदा रात्रभर ठणकायचा.

कंपनीकडे तक्रार करावी, तर कंपनी कुठे आहे? महायुद्धानंतर पूर्व जर्मनीत आर्नोल्डचा कारखाना सरकारजमा झाला आणि तिथे डिझेल पंपाचे भाग बनू लागले. टँगोचं सगळं जग ज्या वाद्यावर उभं आहे, त्याला कारखान्याची हमी नाही, सुटे भाग नाहीत. सगळा भरवसा या शहरातल्या मोजक्या कारागिरांवर.

त्यातल्या एका नावाजलेल्या दुकानात मी वाद्य नेलं. त्यांनी वाजवून पाहिलं आणि सांगितलं, सगळे सूर लावावे लागतील, रीड उतरल्यात. मी म्हटलं, सूर ठीक आहेत, झडप पाहा. त्यांनी झडपेकडे पाहिलंसुद्धा नाही. सगळे सूर लावायचे म्हणजे प्रत्येक रीड घासायची, आणि त्याचे पैसे माझ्या दोन महिन्यांच्या घरखर्चाएवढे. वाद्य ठेवून घेतलं, ‘अंदाज कळवतो’ म्हणाले. आठवडे गेले. फोन केला की पुढचा सोमवार. इथे महागाई अशी की उशिराने आलेला अंदाज आधी तोंडी सांगितलेल्या रकमेपेक्षा बराच फुगलेला होता. मी वाद्य परत मागितलं, तर ‘तपासणी’चे पैसे लावले. ते मी दिले नाहीत. मिरजेत तंबोरा जवारी काढायला (घोडी घासून सूर खुलवायला) नेला तर कारागीर समोर बसवून काढतो, कान आपला आणि त्याचा दोघांचा लागतो. वाद्य महिनोन्महिने अडकवून ठेवायचं आणि वर वाट पाहिल्याचे पैसे घ्यायचे, हे मला पटत नाही, आणि पुढेही पटणार नाही.

रविवारी बाबांना व्हिडिओ कॉलवर वाजवून दाखवलं. अर्ध्या ओळीत म्हणाले, “अगं, हवा खातोय तो. चामडं वाळलंय कुठंतरी. रीडला कुणाला हात लावू देऊ नकोस, एकदा घासली की धातू परत येत नाही.” बांदोनिऑन त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. तेच म्हणणं घेऊन मी एका वयस्कर कारागिराकडे गेले. ते मुळात अकॉर्डियनची कामं करतात. त्यांनी बाजूचं झाकण माझ्यासमोर उघडलं, झडपेवरचं कडक चामडं नखाने सोलून काढलं, मऊ मेंढीचं चामडं त्या मापाचं कापून चिकटवलं आणि स्प्रिंग जरा वाकवली. मग भाता पूर्ण मिटून, वाद्य एका हाताने उभं टांगून धरलं. खटका न दाबता भाता स्वतःच्या वजनाने किती हळू सरकतो, हे त्यांनी मला पाहायला लावलं. आधी तो सरसर यायचा, आता रेंगाळत आला. त्यांनी घेतलेले पैसे सांगितले तर त्या मोठ्या दुकानाची लाज वाटेल. सर्व्हिसला दोन गुण देणार होते, ते या गृहस्थांमुळे सहा करते.

इथपर्यंत हा वाद्याचा अनुभव झाला. पण हवेचा खटका दुरुस्त झाल्यावरही माझं वाजवणं काही सुधारेना, आणि त्याचं कारण वाद्यात नव्हतं. माझे मायेस्त्रो, म्हणजे वाद्य शिकवणारे गुरुजी, पहिल्या दिवसापासून सांगत होते, आधी नाचायला जा. मी ऐकत नव्हते. नाच शिकण्याला पैसे पडतात, बूट वेगळे लागतात, आणि अनोळखी माणसाच्या छातीला छाती लावून चालायचं म्हणजे आमच्याकडच्या सवयीला अवघडच. शेवटी बारांकास दे बेलग्रानोच्या बागेतल्या ग्लोरिएताला गेले, कारण तिथे प्रवेशाचे पैसे नाहीत. बागेतला गोल, छत असलेला चौथरा. संध्याकाळी तिथे रेकॉर्ड लावतात, टोपी फिरते, जमेल तेवढं टाकायचं. बायका कठड्यावर बसून चपला बदलून नाचाचे बूट घालतात, पुरुष बाहेर सिगारेट संपवून येतात.

नाचाला बोलवायचं ते नजरेने. त्याला काबेसेओ म्हणतात. तो चौथऱ्याच्या पलीकडून पाहतो, मीही पाहिलं तर मान किंचित हलते, आणि ठरलं. मी नजर वळवली तर त्याला सगळ्यांसमोर नकार ऐकावा लागत नाही, आणि मला नकार द्यावा लागत नाही. एका वाद्यवृंदाची तीन-चार गाणी एकत्र लागतात, त्याला तांदा. तांदा संपेपर्यंत जोडीदार तोच. मध्येच ‘ग्रासियास’ म्हटलं तर ते पुरे झाल्याचं सांगणं ठरतं, म्हणून आभारसुद्धा शेवटीच. मग कॉर्तिना, म्हणजे भलतंच काहीतरी संगीत थोडा वेळ, आणि चौथरा रिकामा. सगळ्या जोड्या घड्याळाच्या उलट दिशेने फिरतात, कुणी कुणाला ओलांडत नाही. बाहेरून हे नियम जाचक वाटतात. पण एकटी बाई एवढ्या निर्धास्तपणे अनोळखी माणसांसोबत नाचू शकते ती या नियमांमुळेच, असं माझं ठाम मत झालं आहे.

इथेच माझ्या बोटांचं कोडं सुटलं. बाईला टँगोत बहुतेक वेळ मागे चालावं लागतं. पाऊल मागे जातं, वजन एका पायावरून दुसऱ्यावर पूर्ण येतं, मगच पुढचं पाऊल. याला लागणारा वेळ मी पायाने मोजला, आणि त्यानंतर बोटं धावायची थांबली. आधी मी सूर वेळेवर सोडत होते, पण पाऊल टेकायला जागाच ठेवत नव्हते. हे मायेस्त्रोंनी किती वेळा सांगितलं असेल, कानाने ते कळण्यासारखं नव्हतं.

ग्लोरिएतावर एक गृहस्थ येतात, पार्किन्सनच्या आजाराचे. मुलगी सोबत असते. कठड्यापासून चौथऱ्यापर्यंत येताना त्यांचे पाय जमिनीला चिकटतात, दाराशी तर अडकूनच पडतात. मुलगी घाई करत नाही. गाणं सुरू होतं, तिचा हात खांद्यावर येतो, आणि पहिलं पाऊल निघतं. एकदा निघालं की वळणंसुद्धा घेतात. मला आधी हा निव्वळ भावनेचा भाग वाटला होता. पण अमेरिकेत सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात पार्किन्सनच्या रुग्णांना टँगोचे वर्ग देऊन अभ्यास झाला आहे, आणि त्यांचा तोल सुधारलेला दिसला आहे. विचार केला तर पटतं. टँगोत सतत थांबायचं, पुन्हा निघायचं, मागे पाऊल टाकायचं, अरुंद जागेत वळायचं. या आजारात नेमकं हेच अवघड होतं. कॉर्तिना लागली की ते गृहस्थ पुन्हा मुलीच्या दंडाला धरून सावकाश कठड्याकडे जातात.

सगळंच गोड नाही, हेही लिहिते. वर्षानुवर्षं दर आठवड्याला एकमेकांना मिठी मारणाऱ्या माणसांना एकमेकांचं आडनाव माहीत नसतं, काम काय करतो हे तर नाहीच. आमच्या वस्तीतला एक बसचालक मिलोंगासाठी, म्हणजे टँगो नाचाच्या बैठकीसाठी, पाळ्या बदलत बदलत घरच्यांपासून तुटला, आणि ते तो स्वतःच सांगतो. वाजवणाऱ्यांचं तर विचारू नका. रात्री तीनपर्यंत वाजवून सकाळी शाळेत शिकवायला जाणारी मुलं मी पाहते, कारण नुसत्या टँगोवर भाडं निघत नाही. १९३५ ते १९५५ च्या सुमाराला शहरात इतके मोठे वाद्यवृंद होते की बांदोनिऑनवाल्याला काम शोधावं लागत नसे. मग लष्करी राजवटी आल्या, रॉक आला, एक आख्खी पिढी वाद्य न शिकताच मोठी झाली. म्हणून २००० मध्ये इथे ओर्केस्ता एस्कुएला, म्हणजे वाद्यवृंदाची शाळा, सुरू झाली, ज्यात जुन्या वाद्यवृंदांतले म्हातारे वादक तरुणांच्या शेजारी बसून शिकवू लागले. आज मिलोंगात जे तरुण वाद्यवृंद ऐकू येतात, त्यामागे ही मेहनत आहे.

आता मीही वस्तीच्या क्लबातल्या एका हौशी वाद्यवृंदात चार बांदोनिऑनच्या ओळीत शेवटच्या खुर्चीवर बसते. टँगोचे पियानोवादक आणि वाद्यवृंदप्रमुख ओस्वाल्दो पुग्लिएसे यांची ‘ला युम्बा’ ही रचना बसवतोय. पुग्लिएसेचा वाद्यवृंद सहकारी तत्त्वावर चालायचा, कमाई गुणांप्रमाणे वाटली जायची. ते कम्युनिस्ट होते, म्हणून त्यांना तुरुंगात टाकलं की वाद्यवृंद त्यांच्याशिवाय वाजायचा आणि पियानोवर लाल कार्नेशन ठेवलेलं असायचं. आमच्या ओळीत पहिल्या खुर्चीवर बँकेतून निवृत्त झालेले एक आजोबा आहेत. चौघांचे भाते एकदम उघडले पाहिजेत आणि एकदम मिटले पाहिजेत, यावर ते कडवे. ‘ला युम्बा’त ठोका पडतो आणि त्यानंतर पोकळी येते. त्या पोकळीत कुणाचीही हवा ऐकू आलेली त्यांना चालत नाही. चामडं बदललं नसतं तर मला या ओळीत बसवलंच नसतं, हे त्यांनी तोंडावर सांगितलं. तेव्हा ज्यांना वाटत असेल की मी हवेच्या खटक्यावर फार शब्द खर्च केले, त्यांनी एकदा पुग्लिएसे ओळीत बसून वाजवून पाहावा.

शेजारच्या खुर्चीवरची मुलगी वाद्य ठेवायच्या पेटीच्या झाकणात पाकिता बेर्नार्दोचा फोटो ठेवते. १९०० सालचा जन्म, बायकांनी गुडघे फाकून हे वाद्य धरणं शोभत नाही असं म्हणणाऱ्या काळात तिने स्वतःचा वाद्यवृंद चालवला आणि पंचविशीच्या आत गेली. तिचं वाजवणं कुठल्याच तबकडीवर उतरलेलं नाही. मला याचा मनापासून राग येतो.

बटणांच्या मांडणीबद्दल सुरुवातीला मी दहापैकी तीन दिले असते. उजवा-डावा, उघडता-मिटता, म्हणजे चार वेगवेगळे नकाशे पाठ करायचे, आणि त्यांत पेटीसारखी सरळ ओळ नाही. आता सात देते. ओळ कुठे उघडायची आणि कुठे मिटायची हे आधीच ठरवावं लागतं, त्यामुळे श्वास कुठे घ्यायचा हे वाजवण्याआधीच पक्कं होतं. पेटीवर मला ही शिस्त कधी लागली नव्हती.

विकत घेण्याचा विचार केला होता. किंमत डॉलरमध्ये सांगतात, आणि ती ऐकून मी गप्प बसले. शिवाय २००९ च्या कायद्याने ४० वर्षांहून जुने बांदोनिऑन इथला सांस्कृतिक वारसा ठरलेत, देशाबाहेर नेण्यावर बंधनं आहेत. मिरजेला नेता येणार नसेल तर भाडंच बरं. तुम्ही घेणार असाल तर आधी काही महिने नाचा, फुकटच्या जागी नाचा, मग वाद्य बघा. आणि बघायला गेलात की एकही सूर वाजवण्याआधी भाता मिटून, उभा टांगून धरा, खटक्याला हात न लावता. सरसर खाली आला तर किंमत पाडा किंवा उठून या.

माझा करार मी वाढवते आहे. मालकांनी भाडं वाढवून मागितलं होतं, मी ते मान्य केलं, बदल्यात झडपांच्या चामड्याचा खर्च त्यांच्याकडे आणि दुरुस्ती मी म्हणेन त्या कारागिराकडे, अशी ओळ लेखी घालून घेतली आहे.