गावाहून परतताना: रविवारची रात्र, शनिवारची सकाळ की गुरुवार?

आमच्या घरी हा वाद दरवर्षी जुलैत पेटतो. गणपतीला कुडाळला जायचं हे ठरलेलंच असतं. परत कधी यायचं त्यावर घोडं अडतं. 1 नोव्हेंबर 2024 पासून रेल्वेचं आगाऊ आरक्षण 120 ऐवजी 60 दिवस आधी सुरू होतं, म्हणजे परतीचा वार दोन महिने आधी नक्की करावा लागतो. एकदा तिकीट काढलं की पुढचं सगळं त्या वारावर अवलंबून. पहिला दिवस ऑफिसात कसा जाणार, हेसुद्धा.

मी डोंबिवलीला राहते, परळला एका खाजगी कंपनीत अकाउंट्स बघते. आमच्याकडे गौरींबरोबर गणपती जातात, त्यामुळे परतीचा वार आमच्या हातात नसतो, गौरी-विसर्जनाच्या हातात असतो. 2023 ते 2025 या तीन वर्षांत तो असा काही फिरला की परत यायचे तिन्ही प्रकार आपोआप करून झाले. कोणाला निवड करायची असेल तर हा हिशोब घ्या.

2023 ला विसर्जन 23 सप्टेंबरला, शनिवारी. रविवारी रात्रीची गाडी, सोमवारी पहाटे ठाणे, तिथून उलटं डोंबिवली, अंघोळ, डबा नाही, आणि लोकल. रजा फक्त 4 लागल्या: 18 तारीख आणि मग 20 ते 22. कागदावर यापेक्षा स्वस्त काही नाही. गावाकडे एक अख्खा दिवस जास्त मिळतो, विसर्जनानंतरचा तो रिकामा, सुस्त दिवस, ज्यात मखर उतरवतात आणि उरलेल्या करंज्या संपवतात. मला तोच दिवस सगळ्यात आवडतो.

पण सोमवारी दुपारी मी एका पार्टीचं पेमेंट ॲडव्हाइस दुसऱ्याच पार्टीला मेल केलं. रकमेसकट. साहेब काही बोलले नाहीत, नुसतं बघितलं. स्लीपरमध्ये मिळालेली चार तासांची झोप, त्यातही पनवेल आलं का म्हणून दोनदा उठणं, आणि समोर पाचशेच्या वर मेल. आदल्या रात्री गाडीत बसून मी वरवरच्या पन्नासेक मेलना ‘नोटेड’ लिहिलं होतं. त्यातल्या निम्म्यांना नक्की काय नोट केलं ते मलाच आठवेना. त्या आठवड्यात घरी गेल्यावर मी कोणाशी धड बोलले नाही, आणि बॅगा बुधवारपर्यंत हॉलमध्ये तशाच. ओले टॉवेल आत होते.

तर पुढच्या वर्षी मी शहाणी झाले, किंवा तसं वाटलं. 2024 ला विसर्जन गुरुवारी, 12 सप्टेंबरला आलं. शुक्रवारी रात्री निघालो, शनिवारी सकाळी घरात. सोमवारपर्यंत सबंध दोन दिवस. रजा 6 गेल्या, पण म्हटलं, चालेल.

नऊ दिवस बंद असलेलं घर सप्टेंबरात उघडून बघितलंय का कधी? कुलूप काढल्या काढल्या तो वास येतो. शू-रॅकमधल्या चपलांवर पांढरी बुरशी, माझ्या चामड्याच्या पर्सवर हिरवट. फ्रिज जाताना बंद केला होता पण दाराला फडकं लावायला विसरले होते, त्यामुळे तो आतून धुवावा लागला. दूधवाल्याला सांगायचं, कामवाल्या ताई सोमवारी येणार. सासूबाईंनी बांधून दिलेलं सामान सोडवायचं: नारळ, आमसुलं, कुळथाचं पीठ, आणि एक तवसं (मोठी काकडी), जे वाटेत बॅगेत फुटलं होतं. मशिनच्या चार फेऱ्या. बाहेर पाऊस, म्हणून हॉलभर दोऱ्या, आणि पंख्याखाली ओले परकर. वर मुंबईत अजून दहा दिवसांचे गणपती बसलेले. शनिवारी संध्याकाळी बिल्डिंगमधली आरती, रविवारी मावससासूबाईंकडे दर्शन, तिथून नणंदेकडे. “आलात का गावाहून?” म्हटलं की नाही म्हणता येत नाही.

रविवारी रात्री मी 2023 पेक्षा जास्त थकलेली होते. फरक इतकाच की बॅगा रिकाम्या होत्या.

म्हणजे शनिवारी परतणं वाईट, असं माझं म्हणणं नाही. सोमवारी ऑफिसात निदान चूक झाली नाही, आणि 20 तारखेच्या जीएसटी थ्री-बी रिटर्नसाठी हातात चार दिवस होते. पण दोन दिवस मोकळे ठेवले की ते आपल्याला मिळतात, हा भ्रम आहे. ते घराला मिळतात, नातेवाइकांना मिळतात. घरी कोणी वडीलधारं आहे, ज्यांनी नऊ दिवस घर उघडं ठेवलं, दूध घेतलं, त्यांच्यासाठी हा पर्याय उत्तमच. आमच्यासारख्या दोघं आणि एक मुलगी अशा घराला तो तेवढा लागू पडत नाही.

आता 2025. चतुर्थी 27 ऑगस्टला बुधवारी, विसर्जन 2 सप्टेंबरला मंगळवारी. बुधवारी रात्री निघालो, गुरुवारी सकाळी पोचलो. गुरुवारी मी रजा घेतली, शुक्रवारी कामावर गेले, आणि मग शनिवार-रविवार. रजा एकूण 7. गुरुवारीच कामावर गेले असते तर 6 झाल्या असत्या, म्हणजे या सोयीची खरी किंमत एक दिवस.

तो एक दिवस वसूल झाला. कारण गुरुवारी सगळे कामावर, मुलं शाळेत. आरतीला बोलवायला दुपारी कोणी येत नाही. मी मशिन लावलं, दोन तास झोपले, फ्रिज पुसला (या वेळी दाराला फडकं लावलं होतं), संध्याकाळी भाजी आणली. शुक्रवारी ऑफिसात गेल्यावर मेल तेवढेच होते, पण मी ते फक्त वाचून वेगळे केले. उत्तरं दिली ती 7 तारखेपर्यंत भरायच्या टीडीएसशी संबंधित असलेल्यांनाच. बाकीची सोमवारी. एका दिवसाचं काम आणि मग दोन दिवस सुट्टी, यात त्या पहिल्या दिवसाची भीतीच निघून जाते.

नेदरलँड्समधल्या संशोधकांनी 54 नोकरदारांचा सरासरी 23 दिवसांच्या रजेआधी, रजेत आणि नंतर अभ्यास केला होता. तो 2013 साली छापून आला. लोकांना सगळ्यात बरं आठव्या दिवसाच्या आसपास वाटत होतं, आणि कामावर परतल्यावर पहिल्याच आठवड्यात ते सगळं पूर्वीच्या पातळीवर आलं. तेवीस दिवस सुट्टी घेऊनही! हे वाचल्यापासून रजा वाढवून थकवा लांब ठेवता येतो, हा माझा समज गेला. पहिला आठवडा हलका करणं तेवढं आपल्या हातात आहे.

रजा कुठली लावायची हेही बघा. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यात वर्षाला 8 किरकोळ रजा आहेत, त्या तिमाहीनं जमा होतात आणि वर्षअखेरीला न वापरलेल्या वाया जातात. भरपगारी रजा मात्र 45 पर्यंत साठवता येते. तो मधला एक दिवस किरकोळ रजेतून घ्यावा.

हे सगळं टेबलाशी बसून काम करणाऱ्यांचं. माझे मिस्टर अंबरनाथला कारखान्यात पाळीवर आहेत. त्यांना गुरुवार काय नि सोमवार काय. ते सुपरवायझरला आधीच सांगून पहिल्या दिवशी दुपारपाळी मागून घेतात. सकाळी पोचून झोपायला मिळतं, रजाही जात नाही. दुकान असेल तर मात्र यातलं काहीच लागू नाही. शटर उघडावंच लागतं.

गावाहूनच लॅपटॉप उघडून कामाला लागायचा पर्याय मी एकदा करून बघितला. रेंजसाठी पाणंदीच्या टोकाला उभी होते, छत्री धरून. पुन्हा नाही.

उरतो खरा पेच. हातात एकच जास्तीची रजा आहे. ती कुडाळात घालवायची की डोंबिवलीत? माझं मत डोंबिवली. पण विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सासूबाई पडवीत बसून नारळ सोलता सोलता म्हणतात, “आजून एक दिस रव गो, हापिस खंय पळान जाता?” त्यांना मशिनच्या चार फेऱ्या काय सांगणार. मी म्हणते, “रिझर्वेशन झालंय, आई.” ते खरंच झालेलं असतं.