गिम्सा स्टेन (रक्ताच्या स्लाइड रंगवायचा रंग), तयार लिक्विड: सरड्यांच्या मलेरियासाठी घेतला, चार स्टार

मी नॉर्दर्न कॅलिफोर्नियात एका लॅबमध्ये काम करते, सरड्यांच्या रक्ताच्या स्लाइड बघायचं काम. हो, सरड्यांनाही मलेरिया होतो. इथल्या फेन्स लिझर्ड जातीच्या सरड्यांमध्ये प्लास्मोडियम मेक्सिकॅनम हा मलेरियाचा पॅरासाइट (परजीवी) सापडतो, तो डासाने नाही तर सँडफ्लाय ह्या बारीक चावऱ्या माशीने पसरतो आणि माणसाला होत नाही.

आता बाटलीबद्दल. रंग एक नंबर येतो. सरड्याच्या लाल पेशीत न्यूक्लियस असतो, आपल्या पेशीत नसतो, त्यामुळे स्टेन फिका पडला की पॅरासाइट कुठला आणि न्यूक्लियस कुठला हेच नवीन माणसाला कळत नाही. ह्यात न्यूक्लियस गडद जांभळा येतो, बाजूला निळसर पॅरासाइट, त्यात पिगमेंटचे (पॅरासाइटच्या आत साठणाऱ्या रंगद्रव्याचे) सोनेरी-तपकिरी कण, 100 च्या ऑइल लेन्सखाली सगळं सुटं सुटं दिसतं. गॅमेटोसाइटमधले (पॅरासाइटच्या नर-मादी अवस्थेतल्या पेशी) नर-मादी पण ओळखता येतात, मादी जास्त निळी, नर फिकट गुलाबीसर.

पण पहिल्या आठ स्लाइड लालसर आल्या, पॅरासाइट दिसेचना, मला वाटलं मालच खराब आहे. चूक पाण्याची होती, मी नुसतं डिस्टिल्ड वॉटर वापरलेलं आणि ते थोडं आम्लधर्मी असतं. मग 7.2 पीएचचं बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण) केलं, त्यात 10% स्टेन घालून 45 मिनिटं ठेवलं, आणि स्लाइड बघून अक्षरशः डोळे भरून आले, कारण प्रत्येक स्लाइडमागे एका जिवंत सरड्याच्या रक्ताचा थेंब असतो, ती वाया घालवायला जीव होत नाही. आधीच ते बिचारे आजारी. 1982 च्या एका अभ्यासात आजारी सरड्यांचं हिमोग्लोबिन 25% कमी भरलं होतं, म्हणजे झटकन पळायचा वेग तोच राहतो पण दम लवकर लागतो, आणि माद्या अंडीही कमी घालतात.

एक स्टार कापला कारण बफरच्या गोळ्या सोबत येत नाहीत आणि माहितीच्या कागदावर पीएचचा साधा उल्लेखही नाही, मग नवीन माणसाने काय करायचं? दुसरं, महिन्याभराने तळाला गाळ बसतो, त्याचे काळे-जांभळे दाणे स्लाइडवर आले की पिगमेंटच वाटतात. बाटली हलवू नका, वरचं घ्या, फिल्टर पेपरमधून गाळा आणि पातळ केलेलं त्याच दिवशी संपवा. स्लाइड आधी मिथेनॉलमध्ये फिक्स करून पूर्ण वाळू द्या, घाईत ओलीच बुडवली तर पेशी फुटतात.

मी दुसरी बाटली मागवली आहे, ह्यावेळी गोळ्या वेगळ्या मागवल्या.