गरिबांच्या रुग्णालयांना निधी: रुग्णसंख्येवर की कामगिरीवर?

निधीवाटपाचं सूत्र ठरवताना एक मित्र अडलाय: प्रोत्साहनाचे पैसे गरीब रुग्णांच्या संख्येवर द्यावेत की कामगिरी पाहून?

संख्येचा हिशोब सोपा, पैसाही खात्रीचा. पण उपचार सुधारण्याची निकड उरत नाही. कामगिरीच्या सूत्रात ती असते, मात्र नोंदींना माणसं लागतात आणि गरिबांच्या रुग्णालयांत तीच अपुरी. शिवाय औषधं न परवडणारा रुग्ण पुन्हा दाखल झाला की दोष रुग्णालयाच्या माथी. अमेरिकेत २०१२ पासून मेडिकेअर (मुख्यतः ज्येष्ठांसाठीची सरकारी आरोग्य विमा योजना) रुग्ण पुन्हा दाखल होण्याचं प्रमाण जास्त असलेल्या रुग्णालयांना दंड लावतं. गरिबांच्या रुग्णालयांना तो जास्त बसला, म्हणून आर्थिक वर्ष २०१९ पासून साधारण सारख्या रुग्णवर्गाच्या गटांतच तुलना होते. ही दुरुस्ती मला अत्यावश्यक वाटते.

जेमतेम तग धरलेल्या रुग्णालयांना संख्येवर द्या. मनुष्यबळ आणि नोंदी पक्क्या असतील तिथे कामगिरीवर, तीही त्यांच्याच मागच्या वर्षाशी ताडून.