टेपेचा दातांच्या फटीतला ब्रश: माझं आणि आईचं मत

हिरडीतून रक्त आलं की आपण तिथे ब्रश लावायचं टाळतो. खरं तर हळू हाताने, पण रोज, तिथेच घासायला हवं. टेपे या स्वीडिश कंपनीचा इंटरडेंटल ब्रश त्यासाठीच आहे. छोटी दांडी, पुढे प्लास्टिकचं वेष्टण असलेली बारीक तार आणि तारेभोवती मऊ केस. साधा ब्रश दातांच्या पुढून-मागून फिरतो, दोन दातांच्या मध्ये पोचत नाही. पायरियाची सुरुवात बहुतेक वेळा तिथूनच होते.

मला मधुमेह आहे. साखर चढी राहिली की हिरड्या बिघडतात आणि हिरड्यांत सूज असली की साखर आटोक्यात ठेवणं अवघड जातं, हे मला आधी डेंटिस्टनीच समजावलं. मिलिमीटरच्या खुणा असलेली बोथट सळई त्यांनी हिरडी आणि दात यांच्यामध्ये हलकेच घालून पाहिली. ३ पर्यंत ठीक. माझ्या मागच्या दाढांपाशी ५ भरले. म्हणजे हिरडी दातापासून सुटून तिथे खिसा झालेला. अशा खिशात साचून कडक झालेलं कीटण कुठल्याही ब्रशने निघत नाही. ते दवाखान्यात, मुळापर्यंत खरवडूनच काढावं लागतं. हे झाल्यावरच ब्रश हातात घ्या, नाहीतर पैसे वाया.

स्केलिंगने, म्हणजे असं कीटण खरवडून काढल्याने, दात ढिले होतात असं आमच्या गल्लीत आजही सांगतात. कीटण निघालं की त्याने बुजवलेली फट उघडी पडते आणि सुजलेली हिरडी आक्रसते, म्हणून तसं वाटतं. ही भीती घालून लोकांचे दात घालवू नका, असं मला अगदी कळकळीने सांगायचंय.

आता मापं. टेपेचं सगळ्यांत आवडलेलं ते हेच. ०.४ मिमीचा गुलाबी, ०.४५ चा नारिंगी, ०.५ चा लाल, ०.६ चा निळा, असं करत १.५ चा काळा. रंग लक्षात राहतो, चष्मा लागत नाही. मला पुढच्या दातांना गुलाबी आणि दाढांना लाल लागतो. केस फटीत किंचित घट्ट बसले पाहिजेत, तार दाताला घासता कामा नये. जोर लावावा लागला तर माप मोठं आहे. रात्री जेवणानंतर प्रत्येक फटीत दोन-तीनदा आत-बाहेर करायचं, ब्रश पाण्याने धुवायचा. सुरुवातीला रक्त आलं, मग कमी होत थांबलं. तोंडाचा वासही गेला.

आईने उभं आयुष्य तव्यावर भाजलेली मिशरी लावली. जिथे बोट फिरायचं तिथल्या हिरड्या मागे सरकून मुळं उघडी पडलीत. फटी रुंद, म्हणून तिला हिरवा, ०.८ चा लागतो. पण संधिवाताच्या बोटांत ही आखूड दांडी धरवत नाही. "अगं, हा ब्रश का काडी?" म्हणाली. तिच्यासाठी त्याच कंपनीचा वाकड्या डोक्याचा, लांब दांडीचा प्रकार घेतला. तो दाढांपर्यंत नीट जातो. मिशरी सोडायला मात्र ब्रशपेक्षा नातीच्या विनवण्या जास्त कामी आल्या.

उणिवा आहेत. बारीक मापांची तार वाकवली की पटकन मोडते. केस झिजले की टाकून नवा घ्यायचा, त्यामुळे खर्च चालूच राहतो. तो मला जड वाटतो. आमच्याकडच्या औषधांच्या दुकानांत सगळी मापं मिळत नाहीत. स्वस्त म्हणून दुसऱ्या एका कंपनीचं पाकीट आणलं होतं, त्याची तार हिरडीला टोचली.

ज्यांच्या दातांमध्ये फटच नाही त्यांनी हा कोंबू नये, त्यांना फ्लॉसचा दोराच बरा. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांनी रक्त येत नाही म्हणून निर्धास्त राहू नये. धुराने ते दबतं आणि आजार आत वाढत राहतो. पू येत असेल किंवा दात हलत असेल तर ब्रशची वाट न बघता हिरड्यांच्या तज्ज्ञांकडे जा.

पहिल्यांदा घेत असाल तर वेगवेगळ्या मापांचं मिश्र पाकीट घ्या आणि ते घेऊनच डेंटिस्टकडे जा. कोणत्या फटीला कोणता रंग, ते आरशात बघून त्यांच्यासमोरच करून दाखवा.