तीन स्टिकर आणि न जन्मलेलं पिल्लू

आमचा कुत्रा बंड्या गेला तो पार्व्होनं, म्हणजे कुत्र्यांना होणाऱ्या आतड्यांच्या विषाणूजन्य आजारानं. पाच महिन्यांचा होता. पहिली लस वेळेवर झाली, दुसरी आज करू उद्या करू म्हणत राहूनच गेली. उलट्या सुरू झाल्यापासून चौथ्या दिवशी सगळं आटोपलं. हे आधी सांगते, कारण ज्या माणसानं पुढे मला फसवलं त्यालाही मी हे पहिल्याच फोनवर सांगून बसले होते. त्यानं विचारलंही नव्हतं.

बंड्याच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, की हा विषाणू घरात, अंगणात, फटींमध्ये कित्येक महिने टिकतो, सावलीत आणि ओलाव्यात तर वर्षभरसुद्धा. फिनाइलवर किंवा हात धुवायच्या सॅनिटायझरवर भरवसा ठेवू नका. आधी घाण साबणानं स्वच्छ काढा, मग एका भाग घरगुती ब्लीचला तीस भाग पाणी घेऊन पुसा आणि ती जागा दहा मिनिटं ओली राहू द्या. मातीचं तर काही करताच येत नाही. म्हणून पुढचं कुत्रं आणाल तर लसीकरण पूर्ण झालेलं आणा, लहान पिल्लू आणूच नका. मी मान डोलावली. बंड्याचं अंथरूण टाकून दिलं, ताटली टाकून दिली, पट्टा मात्र टाकवेना. तो ब्लीचमध्ये बुडवून ठेवला, रंग उडून पांढरा पडला.

दोन महिन्यांनी घर खायला उठलं आणि मी जाहिराती बघायला लागले.

"ताई, तुमच्या घरी पार्व्हो होऊन गेलाय ना, मग तुम्हाला माझ्याकडचं हेच पिल्लू योग्य. चौदा आठवड्यांची आहे, तीनही इंजेक्शनं झालेली. तुम्ही निर्धास्त राहा." हे एका जाहिरातीतला विकणारा फोनवर म्हणाला आणि मला वाटलं, किती समजूतदार माणूस. आता वाटतं, मी फोन करून आधी भीती सांगितली नसती तर त्याला नेमकं कुठलं खोटं बोलायचं हे तरी शोधावं लागलं असतं. मी तेही कष्ट वाचवले.

पिल्लाची आई दाखवा म्हटलं तर, "बाहेरचं माणूस आलं की बाकीच्यांना इन्फेक्शन होतं." पार्व्होत पोळलेल्या बाईला हे पटणारच. जागा दाखवली नाही, मधल्या रस्त्यावर गाडी थांबवून पिल्लू दिलं. पैसे आधीच घेतले होते. सोबत लसीचं कार्ड. त्यावर तीन स्टिकर, तीन तारखा, एक पुसट शिक्का. पिल्लू हातात घेतल्यावर मनात आलं होतं, चौदा आठवड्यांच्या मानानं फारच हलकं आहे. "फीमेल आहे ताई, बारीकच असते." बरं.

शनिवारी संध्याकाळी चिमी घरी आली. रविवारी रात्री तिनं ताटलीकडे पाठ फिरवली. सोमवारी पहाटे मला जाग आली ती वासानं. ज्यानं हा वास एकदा घेतलाय त्याला दिवा लावावा लागत नाही. रक्ताचा, कुबट, घशात उतरणारा.

दवाखान्यातून त्याला फोन केला. एकदाच उचलला. "मी दिलं तेव्हा पिल्लू ठणठणीत होतं. तुमच्याच घरात पार्व्हो आहे, तुम्हीच म्हणालात. मी चांगल्या पिल्लाला तुमच्याकडे मरायला पाठवलं का?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. ब्लीच नीट लागलं नसेल, तो पट्टा ठेवायला नको होता, कोपऱ्यातली फट राहिली असेल, असं म्हणत दोन दिवस मी स्वतःलाच खात होते. त्यानं पैसे घेतले ते गेले, पण या दोन दिवसांचा राग मला अजून येतो. मी माझ्या तोंडानं सांगितलेलं दुःख त्यानं जपून ठेवलं होतं, आधी विकायला आणि मग हात झटकायला.

तिसऱ्या दिवशी, चिमीला सलाईन चालू असताना, डॉक्टरांनी कार्ड मागितलं. मग तिचा ओठ अंगठ्यानं वर करून मला म्हणाले, "हे बघा." पुढे सुईसारखे बारीक दुधाचे दात, आणि मागच्या दाढा हिरडीतून नुकत्या वर येताहेत. चौदा आठवड्यांच्या पिल्लाच्या दुधाच्या दाढा केव्हाच येऊन गेलेल्या असतात, पुढचे दात तर पडायच्या बेतात असतात. "ही सहा आठवड्यांची. फार तर सात."

त्यांनी कार्डावरच्या तारखांवर पेन ठेवून मागे मोजायला सुरुवात केली. तिसरं इंजेक्शन दोन आठवड्यांपूर्वीचं. दुसरं पाच आठवड्यांपूर्वी, म्हणजे तेव्हा हिचे डोळेही धड उघडलेले नसतील. पहिलं आठ आठवड्यांपूर्वी. त्या तारखेला हे पिल्लू जन्मलेलंच नव्हतं.

मग सगळंच दिसायला लागलं. तीन वेगळ्या दिवसांच्या तीन सह्या, पण पेन तेच, तिरकेपणा तोच. शिक्क्यात डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक नाही. त्यावरचा फोन बंद. स्टिकर खरे होते, लसीच्या बाटलीवरून सोलून कार्डावर चिकटवतात तेच. रिकाम्या बाटल्या कुठे मिळतात ते त्यालाच ठाऊक.

आणि माझ्या घरातल्या विषाणूचं? पार्व्हो शरीरात शिरल्यापासून लक्षणं दिसायला साधारण तीन ते सात दिवस लागतात, कधी त्याहून जास्त. चिमी आमच्याकडे येऊन जेमतेम दीड दिवस झाला होता. "ती येतानाच घेऊन आली," डॉक्टर म्हणाले. मी तिथेच स्टुलावर बसून रडले, त्यात सुटकाही होती, हे कबूल करायला आता लाज वाटत नाही.

एक गोष्ट मला तेव्हा माहीत असती तर कार्ड न बघताही खोटं कळलं असतं. पिल्लाला आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती रक्तात शिल्लक असेपर्यंत ती लसीला काम करू देत नाही. ती कधी ओसरते ते प्रत्येक पिल्लात वेगळं. म्हणून सहा-आठ आठवड्यांपासून दर दोन ते चार आठवड्यांनी लस द्यायची, ती पिल्लू किमान १६ आठवड्यांचं होईपर्यंत. म्हणजे चौदा आठवड्यांचं पिल्लू 'पूर्ण लसीकरण झालेलं' असूच शकत नाही, तीनही इंजेक्शनं खरी असली तरी. माझ्यासारखं वाईट अनुभवातून आलेलं कोणी असेल तर पैसे देण्याआधी पिल्लू थेट आपल्या डॉक्टरांसमोर ठेवा, तोंड उघडून दात बघायला सांगा आणि कार्डावरच्या दवाखान्यात स्वतः फोन करा. विकणारा यातल्या एकालाही नाही म्हणाला, तर तिथूनच परत फिरा. आणि आपलं कुत्रं कशानं गेलं ते त्याला सांगू नका.

त्याचा शेवटचा निरोप असा होता : "त्याच वेतातलं दुसरं देतो बदलून." चप्पल बदलून द्यावी तसं. घरात आता खरोखरच विषाणू पसरलेला, आणि हा त्याच आजारी घोळक्यातलं आणखी एक पाठवायला तयार. मी नको म्हटल्यावर त्यानं मला ब्लॉक केलं. तक्रार केलीय. कार्डाचे फोटो, पैसे पाठवल्याची नोंद आणि डॉक्टरांचा लेखी दाखला जोडलाय. काय होतं ते बघू. त्या बाकीच्या पिल्लांचं काय झालं असेल हा विचार मात्र रात्री येतो.

चिमी वाचली. उपचार म्हणजे सलाईन, उलटी थांबवायचं इंजेक्शन, आतड्यातून रक्तात संसर्ग पसरू नये म्हणून प्रतिजैविकं, आणि वाट बघणं. सहाव्या दिवशी तिनं माझं बोट चाटलं, आठव्या दिवशी डॉक्टरांचा मोजा पळवला.

तिचं नवं कार्ड झालंय. पहिला स्टिकर माझ्यासमोर बाटलीवरून निघाला, अजून गार होता. जन्मतारखेच्या रकान्यात डॉक्टरांनी एकच शब्द लिहिलाय : अंदाजे.